कोपऱ्यातलं नाव

आमच्या नांदगाव पेठेत १९८९-९० च्या सुमारास पोरांचे दोन पक्ष होते. एक नागराजचा, दुसरा सुपर कमांडो ध्रुवचा. निवडणुकीतले पक्ष मोठ्या माणसांसाठी, आमचं त्यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं. आमची भांडणं वेगळीच होती. नागराजच्या अंगात साप राहतात, मनगटातून सोडले की समोरचा खलास. आणि ध्रुवकडे काय? सर्कशीत शिकलेली कसरत, प्राण्यांची बोली आणि डोकं. मग दोघांची लागली तर जिंकणार कोण? शाळेच्या मधल्या सुट्टीत यावरून शर्ट फाटलेले आहेत. एक माझाच होता.

मी नागराजवाला. आज पन्नाशीला टेकलो, केस गेले, गुडघा कुरकुरतो, पण अजूनही कुणी विचारलं तर नागराजच. त्यात काही लाज वाटत नाही. लाज वाटते ती दुसऱ्याच एका गोष्टीची. ती पुढे सांगतो.

आधी थोडं गावाविषयी, नाहीतर पुण्या-मुंबईच्या वाचकांना प्रश्न पडेल की वऱ्हाडातली मराठी पोरं हिंदी कॉमिक्स का वाचत होती. नांदगाव पेठ हे अमरावतीपासून दहा-बारा किलोमीटरवर, नागपूरच्या हायवेला लागून असलेलं गाव. आता एमआयडीसीमुळे लोकांना माहीत आहे, तेव्हा फक्त एसटीच्या कंडक्टरला माहीत होतं. १९५६ पर्यंत आमचा हा सगळा मुलूख मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर, आणि हिंदी तर अंगणातच. त्यामुळे हिंदी आम्हाला शिकावी लागली नाही. ती एसटी स्टँडवरच्या बुक स्टॉलवर दोरीला लटकलेली असायची, रंगीत कव्हरात.

विकत घेणं परवडायचं नाही. अमरावतीत भाड्याने मिळायची. पन्नास पैशांत एक दिवस. एक जण आणायचा, रात्रीतून सात जण वाचायचे, आणि सकाळी पहिल्या गाडीने परत. आठव्याला फक्त गोष्ट ऐकायला मिळायची. ऐकलेली गोष्ट वाचलेल्यापेक्षा नेहमीच भारी असायची, कारण सांगणारा त्यात स्वतःचे चार साप सोडून द्यायचा.

मराठीतही होतं म्हणा. मोठ्या दादाच्या ट्रंकेत इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक होते. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च १९६४ मध्ये सुरू केलेली ही मालिका १९९० पर्यंत चालली. ली फॉकचा फँटम मराठीत येताना वेताळ झाला. काय नाव शोधलं कुणीतरी! आमच्या पिढीला त्यामुळे दोन वेताळ मिळाले. एक कवटीच्या गुहेत राहणारा, घट्ट कपड्यांवर पट्टा बांधणारा. दुसरा चांदोबातला, विक्रम राजाच्या खांद्यावर लोंबकळणारा, राजाने तोंड उघडलं की परत झाडावर. दोघांपैकी मला दुसराच जास्त आपला वाटायचा. पहिल्याचं जंगल आणि त्या जंगलातल्या काळ्या माणसांनी या एका गोऱ्या माणसापुढे पिढ्यान्‌पिढ्या वाकायचं, हे तेव्हा खटकलं नाही. आता खटकतं. प्रेम आहेच, पण म्हणून डोळे मिटून घ्यायचे असं नाही.

घरात कॉमिक्सला अर्थातच बंदी. "पोट्टं वाया गेलं" हे वाक्य दिवसातून दोनदा. मला वाचवलं ते आजीने. आजी श्रावणात नवनाथांची पोथी वाचायची. एकदा तिने विचारलं, हे हिरव्या अंगाचं काय वाचतोस? मी तिला पहिल्या अंकाची गोष्ट सांगितली. प्रोफेसर नागमणी नावाचा माणूस नागराजला तयार करतो, अतिरेक्यांना भाड्याने द्यायला. मग बाबा गोरखनाथ येतात आणि त्याला त्या गुलामीतून सोडवतात. आजीचे डोळे मोठे झाले. "गोरखनाथ हाये का त्याच्यात? मंग वाच." झालं! त्या दिवसापासून नागराजला आमच्या घरात पोथीच्या खालोखाल जागा मिळाली.

आता मुद्द्याचं.

गावात एक पेंटरकाका होते. नाव सांगत नाही, घरच्यांना आवडेल न आवडेल. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, हायवेवरच्या ढाब्यांचे बोर्ड, ट्रकच्या मागचं कमळ आणि मोर, पोळ्याला बैलांची शिंगं, सगळं तेच रंगवायचे. आमच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. त्याची पत्र्याची पाटीही त्यांनीच रंगवलेली. दुकान मारुतीच्या नावाचं, म्हणून पाटीवर डाव्या बाजूला द्रोणागिरी घेऊन उडणारा मारुती, मधे ठसठशीत अक्षरं, आणि उजवीकडे खाली कोपऱ्यात, वितभर अंतरावरूनच दिसेल एवढ्या बारीक अक्षरात काकांची सही.

काका आमच्याकडची कॉमिक्स वाचायला न्यायचे. एवढा मोठा माणूस कॉमिक्स वाचतो याचं आम्हाला भारी कौतुक. पण त्यांचं वाचणं वेगळं होतं. एका पानावर अर्धा अर्धा तास. गोष्ट तर ते वाचायचेच नाहीत बहुतेक. एकदा त्यांनी मला जवळ बसवलं, नागराजच्या हातावर बोट ठेवलं आणि विचारलं,

"हे हात कोनाचे हायेत?"

"नागराजचे."

"हिरोचं नाव तं सारे पोट्टे सांगतात. नागराजचे नाही बे, काढनाऱ्याचे कोनाचे?"

मला सांगता येईना. तोवर मी शे-दीडशे कॉमिक्स वाचली होती, आणि ही चित्रं कुणीतरी बसून काढतं हे डोक्यातच आलं नव्हतं. जशी शेतात तूर येते तसा दिल्लीत नागराज येत असावा असंच काहीतरी वाटत होतं. काकांनी पहिलं पान उघडलं. वरच्या पट्टीत बारीक अक्षरात लेखक, चित्रकार, संपादक. बोट ठेवून वाचायला लावलं. प्रताप मुलिक.

"मुलिक नाही, मुळीक. हिंदीत ळ नसते ना. हा आपल्याकडचा मानूस हाये."

मंडळी, आज हे लिहितानाही अंगावर काटा येतो. ज्या माणसासाठी मी शर्ट फाडून घेतला त्याला हाडामांसाचं करणारा माणूस पुण्याचा होता. एका ळ मुळे आम्हाला तो इतकी वर्षं दिसलाच नव्हता. मग मी नावं शोधण्याच्या मागेच लागलो. १९८६ मध्ये राज कॉमिक्सने नागराज सुरू केला. तेव्हा त्या पहिल्या अंकावर मुळीकांच्या जोडीला संजय अष्टपुत्रे होते. पुढे विठ्ठल कांबळे, मिलिंद मिसाळ. भोकालच्या अंकांमागे दिलीप कदम. हिंदी लिपीत हातपाय आखडून बसलेली ही सगळी मराठी आडनावं. कॉमिक्स दिल्लीची, भाषा हिंदी, वाचणारे बिहार-उत्तर प्रदेशापासून आमच्या वऱ्हाडापर्यंत, आणि ब्रश मात्र आपल्या माणसांच्या हातात. नागराजची सुरुवातीची सुमारे पन्नास पुस्तकं, नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंतची, मुळीकांच्या हाताखालून गेली. त्याआधी अमर चित्रकथेची कितीतरी पुस्तकं त्यांनी केली होती. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अमिताभ बच्चनला सुपरहिरो करून सुप्रिमो नावाची कॉमिक्स निघाली होती, तिची चित्रंही मुळीकांचीच.

नंतर नागराज अनुपम सिन्हांकडे गेला. ध्रुवचे जन्मदाते तेच. १९८७ पासून ध्रुव स्वतः लिहायचे, स्वतः काढायचे. त्यांचा नागराज चपळ, सडपातळ, कागदातून बाहेर उडी मारेल असा. मुळीकांचा नागराज जड होता. तो उभा राहिला की जमीन दबल्यासारखी वाटायची. मान, खांदा, पाठ, दंड, सगळं जिथल्या तिथे. पोरांना तो बदल आवडला, मला नाही आवडला. पण का आवडला नाही हे मला सांगता येत होतं, आणि हे सांगता येणं मला काकांनी दिलं. आधी मी नागराज विरुद्ध ध्रुव असा भांडायचो. नंतर मुळीक विरुद्ध सिन्हा असा भांडायला लागलो. समोरच्याला काही कळायचं नाही ही गोष्ट वेगळी.

काकांनी मला एक गोष्ट आणखी करायला लावली. अमरावतीला जाशील तेव्हा हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात जा आणि मल्लखांबावर चढणाऱ्या पोराची पाठ पाहा, म्हणाले. १९१४ सालची ही आमची संस्था. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिच्या खेळाडूंनी तिथे जाऊन देशी खेळ करून दाखवले होते. अमरावतीकरांना ते पाठ असतं. मी गेलो, पाहिलं. एक पोरगा खांबाला पायाने विळखा घालून उलटा लटकला होता आणि त्याच्या पाठीवर, खांद्याच्या पात्याखाली, एक खड्डा पडला होता. तो खड्डा मी ओळखला. मुळीकांच्या नागराजला तोच होता. म्हणजे हा माणूस मनाने काही काढत नव्हता, त्यानेही कुठेतरी उभं राहून अशी एखादी पाठ पाहिली असणार. परत येऊन मी दुकानाच्या पाटीकडे पाहिलं. आमच्या मारुतीच्या पाठीवरही तो खड्डा होता. काकांनी मुळीकांचे खांदे उचलून मारुतीला लावले होते. आणि शोभत होते हो!

आता माझं म्हणणं सांगतो. सुपरहिरोंवर प्रेम करणारे आपण सगळे अर्धंच प्रेम करतो. हिरोचं नाव कव्हरवर असतं, ते आपण घेतो. काढणाऱ्याचं नाव कोपऱ्यात असतं, तिथपर्यंत आपली नजर जात नाही. ज्याला आपण त्याची ताकद म्हणतो ती एका माणसाने ब्रशने त्याला दिलेली आहे. गोष्टी तर सगळ्या सारख्याच असतात. दुष्ट येतो, हिरो मार खातो, शेवटच्या चार पानांत मारतो. लक्षात राहतो तो खांदा, ती मूठ, पावसातली ती उडी. म्हणजे आपण प्रेम केलं ते चित्रकारावरच. फक्त पत्ता चुकीचा लिहिला.

मराठीत हे पहिल्यापासून असंच होतं असंही नाही. आमच्या आधीच्या पिढीला दीनानाथ दलालांचं नाव माहीत होतं. मुखपृष्ठ दलालांचं आहे म्हणून दिवाळी अंक विकत घेणारी माणसं होती. रघुवीर मुळगावकरांचे देव घराघरांतल्या कॅलेंडरांवर होते, आणि बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर झुंजारला चेहरा दिला तोही मुळगावकरांनीच. झुंजार आणि काळा पहाड म्हणजे तेव्हाचे सुपरहिरोच की. त्या पिढीला अर्नाळकरही माहीत होते आणि मुळगावकरही. मग मधेच असं काय झालं की मुळीक आम्हाला माहीत नाहीत? मला वाटतं, दिवाळी अंक मोठ्यांचा आणि कॉमिक्स पोरांचं, एवढंच. पोरांच्या वस्तूला कारागीर नसतो अशी आपली समजूत. पाटी-पेन्सिल, भोवरा, कॉमिक्स, ही कुणी केली असं कोण विचारतं? राम वाईरकरांचंच घ्या. अमर चित्रकथेचा कृष्ण त्यांचा, टिंकलमधला सुपंडी त्यांचा. वाईरकर २००३ मध्ये गेले. सुपंडी माहीत नाही असं इंग्रजी शाळेतलं पोरगं सापडणार नाही, आणि वाईरकर माहीत आहेत असा बाप सापडणार नाही.

हे फक्त आपल्याकडे होतं असंही समजू नका. ज्याच्यापासून हा सगळा प्रकार सुरू झाला त्या सुपरमॅनचं काय झालं? जेरी सिगेल आणि जो शुस्टर या दोन पोरांनी १९३८ मध्ये त्याचे सगळे हक्क १३० डॉलरला विकले. कंपनीने करोडो कमावले. शुस्टरची नजर अधू होत गेली, चित्रं बंद पडली, पुढे सामान पोचवायचं काम करायची पाळी आली. १९७५ मध्ये सुपरमॅनचा सिनेमा येणार म्हणून बोभाटा झाला तेव्हा कुठे कंपनीने दोघांना वर्षाला वीस हजार डॉलर आणि पानावर नाव दिलं. जॅक कर्बीचं तर आणखी. मार्व्हलचे अर्धे हिरो ज्याच्या हाताखालून गेले त्या माणसाला स्वतःची मूळ चित्रं परत मिळावीत म्हणून म्हातारपणी भांडावं लागलं. दहा हजारांवर पानं काढली होती, १९८७ मध्ये हातात आली ती दोन हजारांच्या आसपास. बॅटमॅन ज्याच्या डोक्यातून अर्धाअधिक आला त्या बिल फिंगरचं नाव अधिकृतपणे यायला २०१५ उजाडलं. फिंगर १९७४ मध्येच वारला होता.

आपल्याकडेही सन्मान येतो तो बहुधा हार घातलेल्या फोटोलाच. चाचा चौधरीचे प्राण ऑगस्ट २०१४ मध्ये गेले, पद्मश्री २०१५ ची. चांदोबातला विक्रम आणि त्याच्या खांद्यावरचा वेताळ काढणारे शंकर सप्टेंबर २०२० मध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी गेले, पद्मश्री २०२१ ची. इतकी वर्षं माणूस जगला, आणि आपल्याला चार महिने उशीर झाला!

यावर लोक दोन गोष्टी म्हणतात. दोन्हीत तथ्य आहे म्हणून लिहितो.

एक म्हणजे, चित्रकाराला कामाचे पैसे मिळाले, विषय संपला. गवंड्याचं नाव घरावर असतं का? नसतं, खरं आहे. पण घर पाहून कुणी गवंड्याच्या प्रेमात पडत नाही. मी पडलो होतो. आणि मजुरी ही हक्काची किंमत झाली, नावाची नाही. हे मी म्हणत नाही, आपला कायदा म्हणतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५७ वं कलम आहे. हक्क विकून टाकले तरी ही कृती माझी आहे असं म्हणण्याचा अधिकार कलावंताकडेच राहतो. अमरनाथ सहगल नावाचे शिल्पकार होते. दिल्लीच्या विज्ञान भवनात त्यांचं प्रचंड मोठं ब्राँझचं भित्तिशिल्प होतं. १९७९ मध्ये सरकारने ते उतरवलं आणि गोदामात टाकलं. सहगल कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की पाच लाख भरपाई द्या आणि जे काही तुकडे उरले असतील ते त्यांना परत करा. पैसे तर त्यांना शिल्पाचे तेव्हाच मिळाले होते. तरी परत करा.

दुसरं म्हणजे, ही चित्रं तरी अस्सल कुठे होती? कितीतरी पोझेस अमेरिकन कॉमिक्समधून जशाच्या तशा उचललेल्या. एकाच्या नावाखाली चार साहाय्यक राबायचे. फँटमवर साय बॅरींचं नाव असायचं, पण वर्षानुवर्षं पेन्सिलचं काम जॉर्ज ओलेसन करायचे. मग कोपऱ्यातलं नाव तरी खरं कशावरून? बरोबर आहे. पण यासाठी तर नावं जास्त हवीत, कमी नाही. ज्यांनी ज्यांनी हात लावला त्या सगळ्यांची. उचललं असेल तर कुणी उचललं तेही कळू द्या. नाव असलं की कौतुक त्याला जातं तशा शिव्याही त्यालाच जातात. निनावी वस्तूला दोन्ही नाही.

इतकं सगळं शहाणपण सांगतोय खरा. आता लाजेची गोष्ट.

वडील गेल्यावर दुकान माझ्याकडे आलं. २००८ च्या दिवाळीला मी दुकान नवीन केलं. काउंटर, फरशी, ट्यूबलाइट. आणि पाटी. तोवर अमरावतीत फ्लेक्सची मशिनं आली होती. सकाळी सांगा, संध्याकाळी घेऊन जा. चकचकीत, फोटोसकट, आणि रंगवण्याच्या तिसऱ्या हिश्शात. मी फ्लेक्स लावला. सगळेच लावत होते. काकांना विचारलंसुद्धा नाही. त्यांचं घर दुकानापासून चार मिनिटांवर.

पंधरा-वीस दिवसांनी काका आले. तेव्हा त्यांचा हात थोडा थरथरायला लागला होता. मला वाटलं आता बोलणार, काम दिलं नाही म्हणून. मनात उत्तर तयार ठेवलं होतं, काका तुमच्या हाताला त्रास नको म्हणून. त्यांनी फ्लेक्सकडे पाहिलं. "बरा हाये," म्हणाले. मग हळूच,

"जुनी पाटी कुठी हाये गा?"

मी म्हटलं, काका, पैशाचं काही...

"पैसे नको मले. ते पाटी पाहिजे. तिच्यावर माह्यं नाव हाये."

पाटी शेतावर होती. मोटारपंपाच्या पेटीला वरून झाकण म्हणून टाकली होती. संध्याकाळी गाडी काढून गेलो. पत्रा जागेवर होता, मारुतीही बऱ्यापैकी होता. पण पेटीच्या मापात बसावा म्हणून गड्याने एका बाजूने पत्रा कापला होता. उजवीकडून, खालचा कोपरा. तुकडा कुठे टाकला म्हणून विचारलं तर त्याला आठवेना. बांधावर, विहिरीजवळ, बॅटरी घेऊन शोधलं. नाही सापडला.

कापायला मीच सांगितलं होतं. "कोपरा काप, काई फरक पडत नाही." हे माझे शब्द. आणि हा तोच मी, ज्याला या माणसाने कोपरा वाचायला शिकवलं होतं.

पाटी तशीच घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. "जाऊ दे बाप्पा," म्हणाले, "खांदा तं वाचला." आणि पाटी ठेवून घ्यायला नको म्हणाले. नावाशिवाय काय करू तिचं, असं काही ते बोलले नाहीत, पण मला ते ऐकू आलं. काका २०१३ मध्ये गेले.

ती पाटी आता आमच्या बैठकीत आहे. बायकोला गंजका पत्रा बैठकीत नको होता, तरी आहे. आल्यागेल्याला मी सांगतो की ही अमक्यांनी रंगवली. लोक मारुतीला हात जोडतात आणि चहा पितात.

हे सगळं आत्ताच लिहावंसं का वाटलं? गेल्या हनुमान जयंतीला गावात बॅनर लागले. मारुती होता, ढगातून विजा, अंगावर चिलखत, डोळ्यांत आग, पोटावर सहा बिस्किटं. एकदम सुपरहिरो. मंडळाच्या पोराला विचारलं, कोणी काढला रे? तो म्हणाला, "कोनी नाही काका, मोबाइलवर बनवला, ए आय न." मी जवळ जाऊन उजवीकडचा खालचा कोपरा पाहिला. सवय. तिथे शुभेच्छुकांचे फोटो होते, सतरा. गल्लीतल्या प्रत्येकाचं नाव त्या बॅनरवर होतं, फक्त काढणाऱ्याचं नव्हतं, कारण काढणारा नव्हताच.

आता हे यंत्र कुणाच्या जोरावर काढतं? जगभरच्या लाखो चित्रांवर ते शिकलेलं आहे. त्यात मुळीकांचा खांदा असेल का? सिन्हांची उडी असेल का? सांगता येत नाही, आणि तीच माझी तक्रार आहे. काकांनीही मुळीकांचा खांदा उचलला होता, पण विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं कुणाचा ते. न विचारताच सांगितलं होतं. शिकणारे सगळे उचलतातच, पण ज्याचं उचललं त्याचं नाव घ्यायची रीत होती. ती मोडू नये एवढंच म्हणतोय. यंत्राला मी शिव्या देत नाही, कारण कोपरा कापायला यंत्र लागत नाही हे मला चांगलं माहीत आहे.

काय करता येईल? फार मोठं काही मला सुचत नाही. मराठी चित्रकलेवर लिहिणाऱ्यांनी दलाल-मुळगावकरांच्या पुढचं पान उलटावं आणि कॉमिक्सवाल्यांनाही त्यात घ्यावं. ज्यांच्याकडे या लोकांची मूळ चित्रं कुठे माळ्यावर, कपाटात पडून असतील त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. जुन्या कॉमिक्सच्या नवीन आवृत्त्या निघतात त्यांत नावं ठळक छापावीत, ळ सकट. आणि तुमच्या-माझ्यासारख्या साध्या वाचकाने एवढं करावं की घरात जुनं कॉमिक्स असेल तर काढावं, पहिलं पान उघडावं आणि वरची बारीक अक्षरातली ओळ मोठ्याने वाचावी. पोरगं शेजारी असेल तर त्याच्याकडून वाचून घ्यावी.

माझा पुतण्या नववीत आहे. मार्व्हलचा भक्त. मागच्या रविवारी त्याला नागराजचा एक जुना अंक दाखवला. दोन-चार पानं चाळून म्हणाला, काका, ग्राफिक्स एवढे खास नाहीत. मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने पाहिलं तर तो एका पानावर थांबला होता, आणि मान वर करून भिंतीवरच्या पत्र्याकडे बघत होता. मग परत पानाकडे. विचारलं त्याने, "हे दोघांचे खांदे सारखेच काहून हायेत?"

मी त्याला जवळ बसवलं आणि पहिलं पान उघडलं.

असो. दुकान उघडायची वेळ झाली.